मिनी ट्रॅक्टर वाहून न्यायला कोणती गाडी? पिकअप की मागे ट्रेलर?

शिवारवाट:
नमस्कार मंडळी. निफाडला द्राक्षबाग आणि दिंडोरीच्या पलीकडे भाजीपाल्याचं रान, मधलं अंतर चाळीस-पन्नास किलोमीटर. ट्रॅक्टर एकच: कुबोटा निओस्टार बी२७४१, २७ एचपी, फोर व्हील. सोबत चार फुटी रोटर (रोटाव्हेटर). हंगामात दर आठवड्याला इकडून तिकडे हलवावा लागतो, आणि भाड्याची पिकअप नेमकी छाटणीच्या दिवसांत मिळत नाही. म्हणून स्वतःची सोय करायची आहे.

समोर तीन पर्याय आहेत. जुनी टाटा एस. दीड ते पावणेदोन टनी पिकअप. किंवा घरच्या जीपमागे लावायला बुटका ट्रेलर बनवून घेणे. किमतीचं मी बघतो. मापं, वजन, रॅम्प, बांधणी आणि कागदपत्रं यांवर जाणकारांनी सविस्तर सांगावं.

काटापावती:
आधी वजनाचा हिशोब मांडा, गाडीचं नाव नंतर.

कंपनीच्या पत्रकात बी२७४१ चं वजन ६५० किलो आहे. ते नुसत्या ट्रॅक्टरचं. डिझेल, वरचं हूड, पुढचा बंपर, टूलबॉक्स धरून ७०० धरा. चार फुटी रोटर २०० ते २३० किलो. लोखंडी रॅम्पची जोडी ११० च्या आसपास, आणि ती बहुतेक जण हिशोबात धरतच नाहीत. साखळ्या, जॅक, डिझेलचा कॅन, पान्यांची पेटी मिळून ४०. बेरीज १,०७० च्या आसपास गेली. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल किंवा पुढे वजनं लावलेली असतील तर ते वेगळं.

आता टाटा एस गोल्ड बघा. क्षमता ७५० किलो, हौदा २,२०० मिमी. ट्रॅक्टरची लांबी २,४१० मिमी. रोटर घरी ठेवला तरी ट्रॅक्टर आणि रॅम्प मिळून ८१० किलो होतात आणि फाळका लागत नाही. म्हणजे वजनातही बसत नाही आणि लांबीतही नाही. तो पर्याय इथेच सोडा. रस्त्यावर छोट्या हत्तीत मिनी ट्रॅक्टर दिसतात हे खरं, पण त्यांचे मागचे पाटे सरळ झालेले असतात आणि पुढचं स्टिअरिंग हलकं पडलेलं असतं.

द्राक्षमळा:
+१. आणि लांबीच खरी अडचण आहे, वजन नंतर.

रोटर जोडलेला असताना बंपरपासून रोटरच्या मागच्या पत्र्यापर्यंत साधारण ३ मीटर भरतं. नऊ फुटी हौदा म्हणजे पावणेतीन मीटर. रोटरसकट बसत नाही. दहा फुटी हौदा म्हणजे ३.०५ मीटर, त्यात जेमतेम बसतो. टेप घेऊन स्वतः मोजा, कारण रोटरच्या कंपनीप्रमाणे चार-सहा इंचांचा फरक पडतो आणि इथे सगळा खेळ तेवढ्याच इंचांचा आहे.

पिकअप घेताना नुसतं '१.७ टनी' ऐकून व्यवहार करू नका. त्याच टनेजमध्ये आखूड आणि लांब असे दोन्ही हौदे येतात. टाटा इन्ट्रा व्ही३० ची क्षमता १,३०० किलो, म्हणजे तुमच्या वजनाला पुरते, पण हौदा पावणेनऊ फुटांच्या आसपास. व्ही५० दीड टनी आणि हौदाही लांब. बोलेरो पिकअपमध्ये लांब हौद्याची १.७ टनी घ्यावी. टाटा ४०७ मध्ये सगळंच आरामात बसतं, पण तिचा तळ उंच, आणि बागेच्या बांधावरून वळवताना जागा लागते.

दुसरा मार्ग सुचवतो: जुना चार फुटी रोटर विकत घेऊन दिंडोरीच्या रानात ठेवून द्या. दोन रानांवर दोन रोटर असले की वाहतुकीचं वजन सव्वादोनशे किलोंनी उतरतं, नऊ फुटी हौदा पुरतो, आणि चढवण्या-उतरवण्यातला निम्मा धोका जातो. मोठ्या गाडीच्या फरकापेक्षा जुना रोटर स्वस्त पडतो.

शिवारवाट:
दोन रोटरचं डोक्यातच आलं नव्हतं. पण ब्लोअरचं काय? फवारणीही दोन्हीकडे आहे.

द्राक्षमळा:
मागे ओढायचा ६०० लिटरचा ब्लोअर असेल तर तो ट्रॅक्टरसोबत एका फेरीत जाणार नाही, वेगळी फेरी धरा. तीन पॉइंटवर उचलायचा २०० लिटरचा असेल तर टाकी पूर्ण रिकामी करून न्या. अर्धी टाकी तर सगळ्यांत वाईट. शंभर किलो पाणी वळणावर एका बाजूला धावतं आणि बांधलेले बेल्ट सैल करतं.

लोहारमेट:
रॅम्पबद्दल सविस्तर लिहितो, कारण अपघात गाडीत नाही, रॅम्पवर होतात.

लांबी आधी. पिकअपचा तळ जमिनीपासून साधारण ८० सेंमी धरा. ८ फुटी रॅम्प लावला तर चढ १९ अंशांचा होतो, १० फुटीला १५, १२ फुटीला साडेबारा. १५ च्या वर जाऊ नका. म्हणजे कमीत कमी १० फूट. 'आठ फुटी हौद्यात मावतो' म्हणून आठ फुटी रॅम्प घेतात, ते चूक. दहा फुटी रॅम्प हौद्याच्या बाजूच्या फाळक्याला बाहेरून आडवा टांगू नका, रुंदी वाढते. आत, ट्रॅक्टरच्या दोन्ही बाजूंना उभा ठेवा. ट्रॅक्टर रुंदीला एक मीटर ते १.१ मीटर आणि हौदा १.६-१.७, त्यामुळे जागा राहते.

मटेरियल. गावोगाव ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचे रॅम्प करून देतात. हिशोब असा: रोटर उचललेला असताना मागच्या एका चाकावर साधारण ३७५ किलो येतात. हे चाक १० फुटी रॅम्पच्या मधोमध आलं की दोन अँगलच्या रॅम्पमध्ये ३९० न्यूटन प्रति चौरस मिमीपर्यंत ताण जातो. साधं लोखंड २५० ला कायमचं वाकतं. म्हणजे ट्रॅक्टर नुसता उभा राहिला तरी रॅम्प वाकणार, झटका बसला तर बघायलाच नको. त्याऐवजी ७५ बाय ४० चे सी-चॅनल, प्रत्येक रॅम्पला दोन, उभे लावा. तोच ताण सत्तरच्या आसपास येतो. झटक्यासाठी दुप्पट धरला तरी १४०. हा रॅम्प पंचावन्न किलोचा होतो, दोघांना उचलावा लागतो, पण वाकत नाही.

आडव्या पट्ट्यांमध्ये १० सेंमीपेक्षा जास्त फट नको. मागचं ८.३-२० चं चाक फटीवरून सहज जातं, पण पुढचं लहान चाक अडकतं आणि स्टिअरिंगला हिसका बसतो. पट्ट्या चॅनलच्या वरच्या कडेपेक्षा एक इंच खाली जोडा, म्हणजे दोन्ही बाजूंना काठ तयार होतो आणि चाक घसरून बाहेर जात नाही. आतली रुंदी १२ इंच. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर वेगवेगळं असतं. दोन्ही मोजा आणि बघा की १२ इंचांत दोन्ही चाकं बसतायत. नाही तर रॅम्प १४ इंची करा.

वरच्या टोकाला १२ मिमी पट्टीचा हूक आणि हौद्याच्या कडेला भोक पाडून १६ मिमीची पिन. ही पिन म्हणजे जीव आहे. चाक फिरताना रॅम्पला मागे लाथाडतं, नुसत्या टेकवलेल्या रॅम्पचा हूक उसळून सुटतो. खालच्या टोकाला फूटभर रुंदीची तळपट्टी लावा, नाही तर ओल्या रानात टोक रुतून चढ अचानक बदलतो.

काटापावती:
लोहारमेट यांनी चढाचं सांगितलं, त्याला वजनाची बाजू जोडतो. रोटर उचलून तोंडाने पुढे चढवायची सवय का वाईट, ते आकड्यांत बघा.

ट्रॅक्टर आणि रोटर मिळून ९२० किलो. रोटर मागे लटकल्यामुळे एकूण वजनाचा मध्य मागच्या अॅक्सलच्या पुढे फक्त ३० सेंमीवर येतो. म्हणजे सपाट जमिनीवर पुढच्या दोन चाकांवर मिळून १७५ किलो. वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंमीवर धरला तर १९ अंशांच्या चढावर पुढच्या चाकांवर पन्नासेक किलोच उरतात. १५ अंशांवर ऐंशी. आता क्लच झटकन सोडला तर पुढची चाकं उचलली जाणारच, आणि ट्रॅक्टर मागच्या अॅक्सलवरून उलटायला दीड सेकंदसुद्धा लागत नाही. उडी मारायला वेळ मिळत नाही.

म्हणून रोटरसकट न्यायचा असेल तर रिव्हर्समध्ये चढवा. जड टोक चढाच्या वरच्या बाजूला. दुसरा फायदा, वजनाचा मध्य केबिनकडे ४० सेंमीच्या आसपास सरकतो आणि पिकअपचा मागचा अॅक्सल तेवढा हलका होतो.

रानवाट_दापोली:
रिव्हर्समध्ये रोटर रॅम्पच्या सुरुवातीलाच घासतो, याकडे लक्ष द्या. मागच्या चाकाच्या मध्यापासून रोटरचं टोक मीटरभर मागे. १९ अंशांच्या रॅम्पला लिफ्ट जवळजवळ ३८ सेंमी वर हवी, १५ अंशांना ३० पुरते. लिफ्ट पूर्ण वर असतानाही तेवढी मोकळीक मिळते का, हे सपाटीवर टेपने मोजून ठेवा. मिळत नसेल तर टॉप लिंक (रोटरला धरणारी वरची दांडी) दोन-तीन आटे आखूड करा, रोटरचं मागचं टोक वर येतं.

आमच्याकडे कोकणात रॅम्पऐवजी बांधाला गाडी लावून चढवतात. लाल मातीचा, जांभ्याचा पक्का बांध असेल तर ते रॅम्पपेक्षा सुरक्षित. पण पावसाळ्यात बांधाची कड ढासळते, आणि हौदा व बांध यांच्यात अर्ध्या फुटाची फट राहिली की पुढचं चाक तिथे जातं. फटीवर ८ मिमीचा चेकर प्लेटचा तुकडा टाकून खालून गज अडकवा, म्हणजे सरकत नाही. ओल्या फळ्या अजिबात नकोत. निलगिरीची फळी पावसात साबणासारखी होते.

शिवारवाट:
चढवण्याचा क्रम कुणी पायरी पायरीने सांगेल का? घरी चालवणारे दोघे आहेत, दोघांना कागदावर लिहून देईन.

घाटमाथा:
लिहून देण्यासारखं सांगतो.

पिकअप सपाट, कोरड्या जागी उभी करा. हॅन्डब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद, चारही चाकांना ठोकळे. हौद्याच्या मागच्या टोकाखाली, चॅसीला टेकेल असा स्क्रू जॅक फळीवर ठेवा. ट्रॅक्टर शेवटच्या फुटावर आला की गाडी मागे बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. जॅकमुळे ते थांबतं. लाकडी ओंडका ठेवू नका. ट्रॅक्टर आत गेल्यावर पाटे दबलेलेच राहतात, ओंडका अडकतो आणि काढता येत नाही. जॅक मात्र फिरवून खाली घेता येतो.

ट्रॅक्टरवर: दोन्ही ब्रेक पेडल खिट्टीने एकमेकांना जोडा. बागेत वळायला ती सुटी ठेवलेली असतात. रॅम्पवर एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागीच आडवा फिरतो. फोर व्हील टाका. डिफरन्शियल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारी कळ) काढलेला असू द्या. चालक मागची सुरक्षा कमान उभी करून आणि बेल्ट लावून बसलेला हवा. बाजूला किंवा मडगार्डवर दुसरा माणूस नको. इशारा देणारा एकच माणूस, पिकअपच्या केबिनजवळ, चालकाला दिसेल असा. रॅम्पच्या खालच्या बाजूला कुणीही थांबायचं नाही.

लो रेंज, रिव्हर्सचा सगळ्यांत हळू गिअर, इंजिन दीड हजाराच्या आसपास. रॅम्पवर चढल्यावर क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही, स्टिअरिंग वळवायचं नाही. रेषा चुकली तर थांबून दुरुस्त करू नका, तशीच सावकाश खाली घेऊन पुन्हा लावा.

आत गेल्यावर रोटर लाकडी फळीवर खाली टेकवा. लिफ्टवर लटकता ठेवू नका. तासाभरात हायड्रॉलिक तेल गळून तो खाली येतो, बेल्ट सैल होतात. मग पार्किंग ब्रेकची खिट्टी, लो गिअर, इंजिन बंद, चावी काढून खिशात. कमान घडी करा.

द्राक्षमळा:
उतरवताना फोर व्हील का हवी, हे अनेकांना माहीत नसतं. मिनी ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. तोंड खाली करून उतरताना वजन पुढच्या चाकांवर जातं, मागची हलकी होतात. ब्रेक दाबला की मागची चाकं जागीच लॉक होऊन रॅम्पवर घसरतात. फोर व्हीलमध्ये गिअरचा आवर पुढच्या चाकांनाही लागतो. म्हणून उतरताना ब्रेकवर नाही, गिअरवर उतरवायचं.

काटापावती:
बांधणी.

चार टोकांना चार बंध, प्रत्येक कोपऱ्यातून तिरका बाहेर. वरून एकच दोर टाकून आवळणे म्हणजे बांधणी नाही. टायर रबराचे, खड्ड्यात दबतात, दोर सैल होतो, पुढच्या ब्रेकला ट्रॅक्टर केबिनला जाऊन भिडतो.

ताकद किती लागते? जोरात ब्रेक दाबला की ट्रॅक्टर पुढे सरकण्याचा जोर त्याच्या वजनाच्या ०.८ पट धरतात. ९२० किलोला ७४० किलो. पुढे सरकू न देणारे दोन बंध तिरके असल्याने प्रत्येकावर सहाशेच्या वर येतात. ५० मिमी रुंदीचा रॅचेट बेल्ट, ज्याच्या निळ्या लेबलवर सरळ ओढीला एलसी (बांधणीची क्षमता) २,५०० छापलेलं आहे, तो निवांत पुरतो. मोटारसायकल बांधायचा २५ मिमीचा बेल्ट नाही. लेबल फाटलेला, कडेला कापलेला बेल्ट फेकून द्या. साखळी वापरायची तर ८ मिमी, ग्रेड ८०. तिची कामाची क्षमता २ टन. साधी बाजारातली वेल्ड केलेली साखळी, जिच्यावर ग्रेडचा शिक्का नाही, तिच्यावर विसंबू नका. नायलॉनचा दोर ताणतो आणि पाण्यात आणखी ताणतो, तो ताडपत्रीसाठी.

ट्रॅक्टरवर बंध कुठे अडकवायचा: पुढे अॅक्सल बीमला किंवा पुढच्या हूकच्या ब्रॅकेटला, मागे ड्रॉबारच्या फ्रेमला. टाय रॉड, स्टिअरिंगचा सिलिंडर, हायड्रॉलिक नळ्या, पायरी, बंपरचा पाइप, सुरक्षा कमान यांना नाही. टाय रॉड वाकला तर टायर एका बाजूने खातात आणि कारण कळत नाही.

पाच-दहा किलोमीटरवर थांबून बेल्ट पुन्हा आवळा. पहिल्या खड्ड्यांनंतर टायर बसतात.

लोहारमेट:
पिकअपवर हूक कुठे, हेही सांगा ना. हौद्याच्या बाहेरचे गोल हूक ताडपत्रीच्या दोरीसाठी असतात, पातळ पत्र्याला लावलेले. त्यांना ट्रॅक्टर बांधू नका.

डी-रिंग तळातून खाली, चॅसीच्या आडव्या सदस्याला धरून बोल्टने लावा, वर-खाली ८ मिमीच्या प्लेट, १२ मिमीचे बोल्ट. नुसत्या तळपत्र्याला वेल्ड केलेली रिंग पत्र्यासकट उपटून येते. वेल्डिंग करायचंच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि बीएस६ गाडीत ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टरही. वेल्डिंगचा करंट ईसीयूतून गेला तर रिंगच्या पैशांत नवा ईसीयू येत नाही. चॅसीच्या मुख्य लांब सदस्याच्या वरच्या-खालच्या कडेला भोक पाडू नका, तिथून तडा जातो.

शिवारवाट:
धन्यवाद. म्हणजे पिकअपकडे कल झाला. पण ट्रेलरचा पर्याय का वाईट? तळ गुडघ्याएवढा बुटका होईल, रॅम्प सहा फुटी पुरेल, आणि रोज वापरायला जीप मोकळी.

ह्यूस्टनकर:
अमेरिकेत छोटे ट्रॅक्टर बहुतांश ट्रेलरवरच नेतात, त्यामुळे इथली पद्धत सांगतो.

जॉन डिअर १०२५आर सारख्या ट्रॅक्टरला लोडर आणि गवत कापायची डेक लावली की सहज २,५०० पौंडांच्या पुढे जातं. त्याला सोळा-अठरा फुटी, ३,५०० पौंडांचे दोन अॅक्सल असलेला, एकूण ७,००० पौंडांचा ट्रेलर लावतात. इलेक्ट्रिक ब्रेक दोन्ही अॅक्सलना, ट्रकच्या डॅशबोर्डवर ब्रेक कंट्रोलर, आणि कपलिंग सुटलं तर ट्रेलर स्वतः ब्रेक लावेल अशी छोटी बॅटरी. ट्रेलरच्या दांड्यावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार ठेवतात. हा सगळ्यांत महत्त्वाचा आकडा. ट्रॅक्टर फूटभर मागे सरकला आणि दांड्यावरचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला तर ८०-९० च्या वेगाला ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. मग ट्रकचा ब्रेक दाबला तर झोके वाढतात. फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावून आणि अॅक्सिलरेटर सोडून ते थांबतं. कंट्रोलरवर ती वेगळी कळ त्यासाठीच असते.

हे सगळं इथे तयार मिळतं, दुकानातून उचलायचं. गावात बनवून घेतलेल्या ट्रेलरला यातलं काय काय लागणार, ते बघा.

घाटमाथा:
तिथेच गाडी अडते. आपल्याकडे बनवलेल्या ट्रेलरला बहुधा ब्रेक नसतातच. ६०० किलोचा ट्रेलर आणि ९२० चा ट्रॅक्टर, म्हणजे मागे दीड टन, आणि सगळा भार जीपच्या ब्रेकवर. कसारा घाट किंवा चंदनापुरी घाट उतरताना मागचा दीड टन जीपला ढकलतो. वळणावर ढकललं की जीप आडवी होते आणि ट्रेलर तिच्या कुशीत येतो. निफाड-दिंडोरी रस्त्यात घाट नाही हे ठीक, पण ऊसवाहतुकीने उखडलेला रस्ता, अचानक आडवी येणारी मोटारसायकल, हे रोजचंच.

ट्रेलर करायचाच तर किमान इतकं हवं: ढकल बसली की स्वतः लागणारा ओव्हररन ब्रेक, दोन सुरक्षा साखळ्या दांड्याखाली फुलीत, मागचे दिवे, इंडिकेटर, रिफ्लेक्टर, आणि जीपच्या निर्मात्याने टोइंगला दिलेली वजनाची मर्यादा. ती मर्यादा मालकाच्या पुस्तिकेत असते. तिथे उल्लेखच नसेल तर हूक लावू नका.

नियमावली:
कागदपत्रांचं मी सांगतो.

मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे. त्याची वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या मागेही दिसला पाहिजे. गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवलेल्या, मान्यता नसलेल्या ट्रेलरची नोंदणी होणं अवघड. आणि नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अपघातात दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येते. शेतीचा ट्रॅक्टर-ट्रॉलीचा नियम जीपमागच्या ट्रेलरला लागू होत नाही.

पिकअपचं: एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला कलम ६६ मधलं परमिट लागत नाही. १.३ टनी गाड्या सहसा त्यात बसतात, १.७ टनी वर जातात. आरसीवरचा जीव्हीडब्ल्यू (मालासकट एकूण वजन) वाचूनच गाडी ठरवा. फिटनेस, पीयूसी, कर दोन्हींना आहेतच. लायसन्सचा गोंधळ नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने संपवला: साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स असलेला माणूस ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही.

दंड: ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायचा. हौद्याबाहेर माल परवानगीपेक्षा जास्त आला, मागे, बाजूला किंवा उंचीला, तरीही २०,०००. म्हणजे नऊ फुटी हौद्यात फाळका खाली सोडून रोटर बाहेर लटकवणं परवडत नाही. वर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जातात.

ट्रॅक्टरच्या पॉलिसीत 'दुसऱ्या गाडीतून नेताना झालेलं नुकसान' सामील आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. आणि ट्रॅक्टरच्या सीटवर बसून कुणी येणार नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस केबिनमध्येच बसलेला हवा.

रानवाट_दापोली:
उंचीचं राहिलं. तळ ८० सेंमी, त्यावर कमान उभी असलेला ट्रॅक्टर. हूड लावलेलं असेल तर एकूण उंची तीन मीटरला जाते. रानातल्या वाटेवर लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा, आंब्याच्या फांद्या, गावाच्या कमानी. हूड काढता येण्याजोगं असेल तर काढून आडवं बांधा. वाऱ्यानेही ते उचलतं, त्याचे बोल्ट सैल होतात.

शिवारवाट:
ठरलं असं: दहा फुटी हौद्याची दीड टनी किंवा १.७ टनी, सी-चॅनलचे दहा फुटी रॅम्प, आणि दिंडोरीला जुना रोटर. जुनी पिकअप बघायला उद्या जातोय. काय तपासू?

काटापावती:
रिकामी गाडी वजनकाट्यावर न्या. आधी पूर्ण, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून, मग फक्त मागची. पावत्या ठेवा. आरसीवरचं रिकामं वजन आणि काट्यावरचं यात शंभर-दोनशे किलोंचा फरक निघाला तर जाड पत्र्याचा तळ, जादा पाटे, लोखंडी गार्ड बसवलेलं आहे. तेवढी क्षमता तुमच्या हिशोबातून गेली.

मग ट्रॅक्टर घेतल्यावर तशाच तीन पावत्या. प्रत्येक अॅक्सलची मर्यादा गाडीच्या प्लेटवर असते, तिच्याशी ताडा. मागचा अॅक्सल वर गेला आणि पुढच्याला जागा असेल तर ट्रॅक्टर दहा सेंमी केबिनकडे घ्या आणि पुन्हा तोला. जिथे दोन्ही बसतात तिथे तळावर चाकाच्या टोकाला पांढऱ्या रंगाची रेघ मारून ठेवा, पुढच्या वेळी डोळे मिटून तिथेच थांबवता येईल.

लोहारमेट:
आणि खाली वाकून बघा: मागच्या पाट्यांची मुख्य पानं तडकली आहेत का, शॅकलची पिन ढिली आहे का, हौद्याचे यू-बोल्ट चॅसीवर घट्ट आहेत का. मागच्या टोकाच्या आडव्या सदस्यावर वेल्डिंगचे ठिपके दिसले तर ती गाडी आधी वाकलेली आहे. रॅम्पचा हूक तिथेच लागणार आहे, ती सोडून द्या.